थोरल्या नळीची वाकडी झीज

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी नळी आहे. नळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पाण्याचा नळ आला असेल, तर तो आधी पुसून टाका. होडीच्या डिझेल इंजिनात दट्ट्या ज्या भोकात खालीवर पळतो, त्या भोकाचं आतलं अस्तर म्हणजे मी. मिस्त्री मला लायनर म्हणतात, पुस्तकवाले सिलिंडर म्हणतात. मला नळी म्हटलंत तरी चालेल. मान मागण्यासारखी माझी गत आता राहिलेली नाही.

जन्मले तेव्हा मी बांगडीसारखी गोल होते. आज नुसत्या डोळ्यांना कळणार नाही, पण आतून बोट फिरवलंत तर कळेल. वरच्या बाजूला खोल झिजलेली, खाली जवळजवळ कोरी. एका कुशीला गुळगुळीत, दुसऱ्या कुशीला अजून खरखरीत. सगळीकडून सारखी झिजले असते तर म्हातारपण म्हणून मिरवलं असतं. पण वाकडी झीज पाहिली की लोकांना वाटतं, हिचं वागणंच काहीतरी वाकडं असणार. म्हणून सांगायला बसले आहे खरी, पण खालमानेनं.

समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरात एका भट्टीत मला ओतलं. तासून गोल केलं आणि मग आतल्या अंगावर तिरकस रेघांची जाळी कोरली. त्या रेघांत तेल मुरून राहतं आणि दट्ट्याच्या कड्या त्यावरून अलगद घसरतात. ते माझं गोंदण. फार सुरेख होतं. आम्ही तिघी बहिणी एका इंजिनात बसलो. पुढच्या तोंडाशी मी, म्हणून मी थोरली. मधली अबोल, धाकटी जराशी आळशी. पण घरातल्या गोष्टी बाहेर कशाला सांगा!

इंजिन जेजू बेटावर उतरलं, तेव्हा गावातल्या पाणबुड्या बायका धक्क्यावर जमल्या होत्या. तळाशी बुडी मारून शंख, कालवं, समुद्री काकड्या काढणाऱ्या बायका. होडी त्यांच्या मंडळाची आणि इंजिनही त्यांनीच मिळून घेतलेलं. त्यांनी पूजेला डुकराचं मुंडकं मांडलं, तांदळाची दारू आमच्यावर शिंपडली आणि पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा इंजिनाच्या खोलीत टांगला. सगळ्यांत पुढे मालसुन होती. बायकांची म्होरकी. तिची जीभ शंख उचकटायच्या पट्टीसारखी, कुठंही शिरायची.

तिनं आमच्यावर थाप मारली आणि म्हणाली, "ऐक गं बये, इथे बसून खायचं नाही. आमच्या गावात बसून खाणारा एक आहे, तेवढा पुरे."

बायका फिदीफिदी हसल्या. तो एक म्हणजे दोंगिक, होडीचा तांडेल. बायका पाण्यात उतरायच्या आणि हा होडीत बसायचा. त्याची बायको चुन्ह्वा त्याच बायकांतली. ती हसली नसती तर नवऱ्याचा पुळका आला म्हणाल्या असत्या, म्हणून तीही हसली. दोंगिक सुकाणूवरची धूळ पुसत राहिला.

आम्ही यायच्या आधी त्या गावात एक वाईट गोष्ट घडली होती. तेव्हा दुसरा तांडेल होता. बायका खाली गेल्यावर तेल वाचवायला त्यानं इंजिन बंद केलं. तेवढ्यात धुकं उतरलं. मालसुनची धाकटी बहीण मालजा वर आली. तिला होडी दिसली नाही आणि आवाजही नव्हता. ती उलट्या दिशेला पोहत गेली. दमल्यावर धरायला असतो तो तिचा तरंगता भोपळा सापडला. ती सापडली नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी मालसुननं दोंगिकला बजावलं, "आम्ही पाण्यात असेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. पाण्यातला पंखा सोडवून ठेव, पण आवाज चालू हवा. डोकं वर काढलं की कानाला कळलं पाहिजे होडी कुठंय ते."

"नुसतंच चालू ठेवून तेल फार जाईल, सामचुन," दोंगिक म्हणाला. जेजूत बाई असो की बाप्या, थोरल्या माणसाला हाक सामचुनचीच.

"जाऊ दे तेल. माणूस जायला नको."

दोंगिकनं मान डोलावली. तो एकदा मान डोलावणार आणि जन्मभर तसंच वागणार, असला माणूस.

मग आमचं काम सुरू झालं. धक्क्यापासून खडकांपर्यंत थोडकीच धाव. अंग जरा तापतंय न तापतंय तोच थांबायचं. बायका धपाधप पाण्यात उड्या मारायच्या, आणि त्या दमून परत येईपर्यंत आम्ही जागच्या जागी टकटक, टकटक. ऊन असो, पाऊस असो, हिवाळ्यातला तो झोंबरा वारा असो. बायका म्हणायच्या, इंजिनाला किती सुख! दोंगिकसारखंच!

आता झीज कशी होते तेही सांगते, नाहीतर तुम्ही पोरं मलाच नावं ठेवाल.

दट्ट्या पळत असतो तोवर तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पण अगदी वरच्या टोकाला जाऊन त्याला उलटं फिरावं लागतं. फिरताना तो क्षणभर थबकतो आणि थबकला की तेलाचा थर तुटतो. नेमका तेव्हाच वर भडका उडतो. सगळ्यांत जास्त आच तिथे, जास्त दाब तिथे, आणि तेल मात्र तिथेच सगळ्यांत कमी. त्या भडक्याचा दाब कड्यांच्या पाठीमागे शिरून त्यांना माझ्या अंगात रुतवतो. म्हणून वरचा पट्टा आधी झिजतो. शिवाय दट्ट्याला खालून धरणारा दांडा तिरका झुलतो. त्यामुळे भडक्यानं ढकललेला दट्ट्या सरळ खाली जात नाही, एका कुशीला रेलून जातो. एखाद्यानं सबंध रस्ताभर तुमच्या एकाच खांद्यावर भार टाकून चालावं, तसा. तीच कूस मग जास्त झिजते. एवढं आम्हा तिघींच्याही कपाळी होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी लाज पुढे आहे. इंजिन तापू नये म्हणून समुद्राचं पाणी आत घेतात. ते येतं पुढच्या तोंडानं. म्हणजे आधी माझ्याच अंगाला. माझ्याकडून जरा कोमट होऊन ते मधलीकडे जातं, मग धाकटीकडे. होडी जोरात पळत असली की मला त्याचं काही वाटत नसे, आत भट्टी धगधगत असे. पण नुसतं टकटकत राहिलं की आत ऊबच धरत नाही. मी गार पडत असे आणि मला आतून घाम फुटत असे. डिझेलच्या धुरात तो घाम मिसळला की त्याचं आंबट पाणी होतं आणि ते लोखंड खातं. धड न जळलेलं डिझेलही भिंतीवरून ओघळायचं आणि उरलंसुरलं तेल धुऊन न्यायचं. मग कड्या माझ्यावर कोरड्या घासायच्या. बहिणी उबेत, थोरली गारठ्यात. माझं गोंदण एका कुशीवरून पुसत गेलं.

मला काही हे सगळं तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, माझ्याच लोखंडात खोट आहे. धाकटीचं अंग अजून भरलेलं आणि माझ्यातून वारा निसटतो, हे कुणाला सांगणार? मी मुकाट्यानं टकटकत राहिले. पण शरीर चहाडी करतंच. धूर निळा झाला. सकाळी चालू व्हायला इंजिन कुरकुरू लागलं. दोंगिक एकटा असला की इंजिनावर, माझ्या बाजूला हात ठेवून बसायचा.

मग ती सकाळ आली. कडाक्याची थंडी. बायका खडकांपाशी काम उरकून रबरी पोशाखात कुडकुडत होडीत चढल्या. दोंगिकनं पंखा जोडला, तसं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्यानं पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं. दाब धरायचा तो मीच धरत नव्हते. सगळा माझ्या झिजल्या कुशीवरून खाली निसटत होता.

तेवढ्यात शेजारच्या गावाची होडी आली. कुठल्या खडकापर्यंत कुणाचा समुद्र, यावरून त्या गावाशी आमचं कधीच पटलं नाही.

"काय दोंगिकभाऊ," त्यांचा तांडेल ओरडला, "इंजिन आहे की ओल्या फाट्यांची चूल?"

"तुझ्या घरची पेटलीय का ते बघ आधी!" मालसुननं उलट ओरडून सांगितलं. पण त्यानं फेकलेली दोरी तिला धरावीच लागली. बांधून नेलेल्या म्हशीसारखे आम्ही आख्ख्या धक्क्यासमोरून ओढले गेलो. मालसुन सगळा वेळ दोंगिककडे पाठ करून बसली होती. त्या दिवशी समुद्रात बुडाले असते तर बरं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी को नावाच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं. आम्हा तिघींना बाहेर ओढलं आणि बायकांच्या शेकोटीपाशी नेऊन गोणपाटावर उभं केलं. काळ्या दगडांचा तो गोल आडोसा म्हणजे पाणबुड्यांचं राज्य. तिथे बसायच्या जागा ठरलेल्या. ज्या बाईची बुडी सगळ्यांत खोल, तिची जागा वाऱ्याच्या अंगाला, जिथे धूर येत नाही. कच्च्या बायका धुरात. बाप्यांनी आत पाऊल टाकायचं नाही, त्या दिवशी मोकळीक फक्त मिस्त्रीला होती. म्हणून दोंगिक भिंतीबाहेर उभा होता. दगडांवरून त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. चुन्ह्वा धुराच्या बाजूला खाली मान घालून बसली होती.

माझं आतलं अंग असं चारचौघींत उघडं पडलं होतं. बहिणी चकाकत होत्या.

मालसुननं सुरुवात केली. "नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकेल म्हणून हे इंजिन घेतलं होतं. माझा नातू अजून शेंबूड पुसायला शिकला नाही, आणि इंजिनानं डोळे मिटले. दोंगिक, तेल बदलत होतास?"

"बदलत होतो, सामचुन."

"मग हे आपोआप मेलं? का झोपेत मेलं? तुझ्या झोपेत?"

बायका हसल्या. या वेळी चुन्ह्वा हसली नाही.

"आम्ही खाली श्वास कोंडून मरतो आणि हा वर पाय पसरून बसतो. तेवढं बसणंही धड जमेना! आता दुसऱ्याच्या गावाच्या दोरीला लटकून यायचं आम्ही? आजपासून सुकाणू दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. तुझं काही म्हणणं?"

गावात होडी एकच. ती गेली की दोंगिकला दुसरं काही येत नव्हतं. रोज सकाळी त्याची बायको परक्या माणसानं हाकलेल्या होडीतून जाणार, हा धक्क्यावर उभा राहणार, आणि बायकांचं इंजिन खाल्लेला माणूस म्हणून पोरंसोरं त्याला ओळखणार. हे सगळं माझ्या झिजल्या कुशीपायी! आणि मला तोंड नाही.

"काही म्हणणं नाही," दोंगिक म्हणाला.

को मिस्त्री मात्र माझ्यात बोट घालून बसला होता. "पण ही एकटीच एवढी कशी गेली?" तो पुटपुटला. "वरच्या बाजूला नख अडकतंय, एवढी पायरी पडलीय. या दोघी तशा बऱ्या आहेत. तेल बदललं नसतं तर तिघींचं सारखंच वाटोळं झालं असतं."

"मग?" मालसुन म्हणाली.

"गारठ्यानं. समुद्राचं पाणी आधी हिच्यावर येतं. हे इंजिन पळून झिजलेलं नाही सामचुन, उभं राहून झिजलंय. काय रे दोंगिक, रोज किती वेळ नुसतं टकटकत ठेवायचास?"

 चुन्ह्वानं मान वर केली.

"मी सांगते—"

"चुन्ह्वा, गप," भिंतीपलीकडून तो म्हणाला.

"का म्हणून गप? सगळ्यांनी तुम्हाला ऐतखाऊ म्हणायचं, मीपण त्यात हसायचं, आणि आता—"

"गप म्हटलं ना. ते नाव शेकोटीपाशी काढायचं नाही."

"कुठलं नाव?" मालसुननं विचारलं.

मालजाचं नाव कुणी काढेना. जो तो आगीकडे बघत होता. मालसुननं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीवरून दिसणाऱ्या डोक्याकडे. मग ती वाकली आणि तिनं माझ्यात हात घातला. खारानं चिरा पडलेला, एका अंगाला वाकलेला हात. तिचा अंगठा माझ्या झिजलेल्या कुशीवरून वर सरकत गेला आणि त्या पायरीशी येऊन थांबला. मी लाजेनं मेल्याहून मेली झाले होते. पण तो अंगठा तिथून हलेना.

"बंद करायचं नाही असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला कळलं होतं, दोंगिक?"

"धूर निळा झाला तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर तुम्ही बंद कर म्हणाला असता. आणि मग खाली गेल्यावर तुमचा जीव वरच टांगलेला राहिला असता. असा जीव टांगून बुडी मारणारी बाई वर येते का, सामचुन?"

मालसुन उठली. आपली वाऱ्याच्या अंगाची जागा सोडून, गोल फिरून धुराच्या बाजूला गेली.

"सरक," ती चुन्ह्वाला म्हणाली.

"इथे धूर येतोय, सामचुन."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून." आणि ती धुरात बसली. म्होरकीची जागा रिकामी राहिली. तिथे बसायची कुणाची छाती झाली नाही.

"सुकाणू दोंगिककडेच राहील," धुरातून तिचा आवाज आला. "आणि त्याला ऐतखाऊ म्हणणाऱ्या बाईनं इथे येऊन बसायचं. पहिली मी."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही. धुरानं येतं तसं, असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं आणि सगळ्यांनी ते धरलं.

माझ्या जागी नवी नळी बसली. कालची पोर, आणि थोरली म्हणून मिरवते! को मिस्त्रीनं दोंगिकला सांगितलं, "उगाच टकटकत ठेवू नकोस. चालू केलंस की तापू दे, पळव, आणि काम नसेल तर सरळ बंद कर." मला त्यानं भंगाराच्या ढिगाकडे भिरकावायला उचललं.

"ती इकडे दे," मालसुन म्हणाली. "होडीवर टांग."

"ही? हिचं काय करणार?"

तिनं कमरेची शंख उचकटायची पट्टी काढली आणि माझ्यावर ठाणकन मारली. मित्रांनो, माझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गोल नळी एकसुरी वाजते. माझ्या दोन कुशी सारख्या नाहीत, त्यामुळे माझा सूर सरळ जात नाही. लाटेसारखा हेलकावत जातो आणि बराच वेळ हवेत राहतो. पाण्यावरून आलेल्या दहा आवाजांतही तो ओळखू येतो.

आता बायका खाली गेल्या की इंजिन बंद असतं. बुडीतून वर आलेली प्रत्येक बाई कोंडलेला श्वास सोडताना शीळ घालते. इतकी वर्षं टकटकीत त्या शिळा दोंगिकला ऐकूच आल्या नव्हत्या. आता तो डोळे मिटून एकेक शीळ टिपतो.

"झोपलास काय रे?" मालसुन पाण्यातून ओरडते. जीभ काही सुधारली नाही.

"तुमचं नाक चोंदलंय आज, सामचुन. शीळ बसकी येतेय."

"माझ्या नाकाची पंचाईत तुला कशाला!"

धुकं उतरलं की तो पट्टी उचलतो आणि मला वाजवत राहतो. परवा असंच दाट धुकं आलं. नारिंगी भोपळे एकामागून एक धुक्यातून उगवले, बायका चढल्या, चुन्ह्वा चढली. मालसुन राहिली होती. दोंगिकचा हात भरून आला तरी तो थांबला नाही. मीही माझ्या परीनं गळा काढला. शेवटी पाण्यावर एक बसकी शीळ आली आणि सगळी होडी एकदम मोठ्यानं बोलायला लागली.

ती वर चढली. रोजच्यासारखा तिनं माझ्यात हात घातला आणि त्या पायरीवर अंगठा ठेवून उभी राहिली. माझी लाज गेली का, असं विचाराल, तर नाही गेली. उघडं अंग घेऊन मी भर समुद्रात लटकते, येणाऱ्या-जाणाऱ्या होडीला दिसते. तिची लाजही गेलेली नाही, अंगठ्यावरून कळतं. आम्ही दोघी तेवढा वेळ खालमानेनं उभ्या असतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरचं यंत्र असो की माणूस, त्याला गारठ्यात उगाच ताटकळत ठेवू नका. आणि कुणी नुसतं बसलेलं दिसलं, तर ते बसून खातंय असं म्हणण्याआधी कुणासाठी बसलंय ते विचारा. विचारायची लाज वाटत असेल, तर या, माझ्यात बोट घाला. वरच्या बाजूला, डाव्या कुशीला. नख अडकेल तिथे थांबा.